गळाभेटीच्या आधीचे काम: मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच आणि पास्टोरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) सर्व सभासद यांस,

ख्रिस्ताठायी प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

मंडळीत दोन घरांचे बिनसले की पाळकाकडे पहिली सूचना येते ती ठरलेली: "पाळकसाहेब, प्रभूभोजनाच्या आत मिटवून टाका." म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या पवित्र विधीआधी. मग शनिवारी संध्याकाळी दोन्हीकडे निरोप जातो. रविवारी उपासना संपता संपता दोघांना पुढे बोलावले जाते, छोटी प्रार्थना होते, हातात हात दिले जातात, लोक टाळ्या वाजवतात. पंधरा दिवसांत तीच दोन घरे पुन्हा एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि आता दोघांचीही पाळकाविरुद्ध तक्रार असते की आमच्यावर जबरदस्ती झाली. यिर्मया संदेष्ट्याला हा प्रकार चांगला ठाऊक होता. शांती नसताना 'शांती, शांती' म्हणत लोकांची जखम वरवर बरी करणाऱ्यांवर त्याने कोरडे ओढले आहेत (यिर्मया ६:१४).

आम्ही लिहिणारे निवृत्त पाळक, जुने पंच आणि कुटुंबांच्या समुपदेशनाचे काम केलेल्या भगिनी आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: समेट ही भावनेच्या भरात उरकण्याची गोष्ट नव्हे. त्याला क्रम आहे, वेळ लागतो, कागद लागतो, आणि कोणत्या प्रकरणात समेटाचे नावही काढू नये हे आधी ठरवावे लागते. ते कसे, हे लिहितो.

मत्तय १८:१५-१७ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आधी एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकले तर एकदोघांना सोबत घे, तरीही नाही तर मंडळीला कळव. आपल्याकडे ही शिडी वरच्या पायरीवरून सुरू होते. ज्याने अपराध केला त्याला सोडून बाकी सगळ्यांना कळते, विषय थेट सर्वसाधारण सभेत उठतो, आणि तिथे बोललेला शब्द मागे घ्यायला कोणाचीच जीभ वळत नाही. दुसरी चूक १७ व्या वचनाबाबत होते. 'परराष्ट्रीय किंवा जकातदार' याचा अर्थ वाळीत टाकणे असा लावून लग्नाची पत्रिका बंद, मयताला जाणे बंद, असे हुकूम सुटतात. ज्या मत्तयाच्या नावाने हे शुभवर्तमान आहे तो स्वतः जकातीच्या नाक्यावरून उठून आलेला होता आणि येशू जकातदारांच्या पंगतीला बसला होता (मत्तय ९:९-१०), याचा मात्र सोयीने विसर पडतो. तीन वचनांच्या आगेमागेही बघा. आधी हरवलेले मेंढरू शोधणारा मेंढपाळ येतो, नंतर पेत्राचा 'किती वेळा क्षमा करू' हा प्रश्न आणि निर्दय चाकराचा दाखला. त्यामधून ही तीनच वचने कापून घेतली की ती नोटिशीसारखी वाचली जातात.

आता कामाकडे. प्रकरण हातात आले की पहिल्या दिवशी एकच ठरवायचे: हे समेटाचे प्रकरण आहे का?

पहिली चाळणी हिंसेची. नवऱ्याने बायकोला मारले, सासरी छळ होतो आहे, कोणी धमक्या देतो आहे, अशा ठिकाणी दोघांना समोरासमोर बसवू नका. मार खाणारी बाई मारणाऱ्यासमोर खरे बोलत नाही, आणि बोलली तर त्याची किंमत ती घरी गेल्यावर मोजते. तिच्याशी स्वतंत्रपणे, एका अनुभवी भगिनीने बोलावे. ती आज रात्री कुठे सुरक्षित आहे हा पहिला प्रश्न, माहेरी कळवायचे का हा दुसरा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्यापर्यंत तिला पोचवा. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक पाळकाच्या फोनमध्ये आणि महिला मंडळाच्या फलकावर असायला हवेत. 'सहन कर, प्रार्थना कर, प्रभू त्याला बदलील' हा सल्ला देऊन तिला परत पाठवणाऱ्याने पुढच्या मारातला आपला वाटा ओळखून असावे.

लहान मुलांबाबत तर निवडीचा प्रश्नच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. पाळक, वसतिगृहाचे अधीक्षक, शब्बाथशाळेचे प्रमुख यांना हे नीट ठाऊक हवे. 'मंडळीची बदनामी होईल', 'मुलीचे पुढे लग्न व्हायचे आहे', 'त्याने पश्चात्ताप केला आहे' ही वाक्ये कमिटीत ऐकू आली की सभा तिथेच थांबवून १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाला फोन लावा. एकांतात जाऊन अपराध दाखवण्याची आज्ञा ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट आहे, आणि ती आधी येते.

दुसरी चाळणी हिशेबाची. पैशाच्या भांडणात आधी समेटाला बसू नका, आधी वह्या मागवा. पावतीपुस्तके, रोजकीर्द, खतावणी, बँकेचे पासबुक, खर्चाच्या पावत्या. दोन तटस्थ माणसांनी, ज्यांतल्या एकाला लेखा कळतो, त्या ताडून बघाव्यात. निम्मी भांडणे इथेच उलगडतात: रक्कम बँकेत भरलेली असते पण कीर्दीला चढलेली नसते, किंवा नाताळाच्या वर्गणीतून मांडववाल्याला दिलेल्या रकमेची पावती कोणाच्या तरी शबनममध्ये राहिलेली असते. उरलेल्या निम्म्यांत खरेच पैसे गेलेले असतात, आणि तिथे भरपाई व कारवाई आधी येते. हे टाळायचे तर दर रविवारची अर्पणे, नात्यात नसलेल्या दोघांनी, उपासनेनंतर लगेच, त्याच खोलीत मोजावीत. नोटा व नाण्यांची चिठ्ठी भरून दोघांनी सही करावी. आणि रक्कम बँक उघडेल त्या पहिल्या दिवशी भरावी. अर्पणाची थैली खजिनदाराच्या घरी रात्रभर राहणे ही खजिनदारावरच अन्याय करणारी पद्धत आहे. उद्या कोणी बोट दाखवले तर त्या बिचाऱ्याकडे पुरावा काय?

तिसरी चाळणी जमीनजुमल्याची. बारा एकराची वाटणी, वडिलांच्या घराची भिंत, सातबाऱ्यावरची नावे या गोष्टी पाळकाच्या सहीने मिटत नाहीत. वाटणीवरून भाऊ येशूकडे आला तेव्हा त्याने विचारले, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले? (लूक १२:१३-१४). पाळकाने भावाभावांतले बोलणे सुरू करून द्यावे, तुटलेले येणेजाणे जोडावे. वाटणीपत्र मात्र वकिलाकडून आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवूनच व्हावे. पाळकाने साध्या कागदावर लिहून दिलेली वाटणी दहा वर्षांनी दोघांच्या मुलांना कोर्टात उभी करते.

मंडळीच्या स्वतःच्या मालमत्तेबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण मोठ्या फुटींचे मूळ अनेकदा तिथे सापडते. विश्वस्तांची निवडणूक होते, हार घातले जातात, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल अहवाल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात जात नाही. तिथल्या नोंदीत, म्हणजे परिशिष्ट एकवर, जुनीच नावे राहतात. पुढे दोन कमिट्या तयार होतात, दोघी स्वतःला खऱ्या म्हणवतात, बँक खाते गोठवते आणि पाळकाचा पगार अडकतो. तसेच धर्मादाय आयुक्तांच्या कलम ३६ च्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकता येत नाही. तशा व्यवहाराची बोलणी कानावर आली की त्याच आठवड्यात कमिटीत विषय घ्या. अशा प्रकरणांत 'प्रेमाने मिटवा' म्हणणारा माणूस बहुधा व्यवहारात असतो. (हे वाक्य जरा कडू आहे. राहू दे.)

या तीन चाळण्यांतून जे खाली उरते ते समेटाचे काम: बोलण्यातून दुखावलेली मने, मानापमान, गायनमंडळातली कुरबुर, रेव्ह. ना. वा. टिळकांची भजने पेटी-तबल्यावर की कीबोर्डवर, कोणाचे नाव आभाराच्या यादीत राहिले, लग्नात कोणाला पुढच्या रांगेत बसवले नाही. बाहेरच्याला या गोष्टी क्षुल्लक वाटतात. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे यांचे कशावरून वाजले हे पौल लिहीतही नाही. पण दोघींना नावाने विनंती करतो, दोघींनी आपल्याबरोबर सुवार्तेसाठी श्रम केले याची आठवण देतो, आणि तिसऱ्या एकाला सांगतो की तू त्यांना साह्य कर (फिलिप्पै ४:२-३). तिसऱ्या माणसाची गरज त्याने मानली. तो तिसरा कोण असावा, याकडे वळतो.

बहुतेक वेळा तो पाळक नसावा. आमच्यातल्या पाळकांना हे मान्य करायला वेळ लागला, पण कारणे सरळ आहेत. एका पक्षाच्या घरी तो जेवलेला असतो, दुसऱ्याच्या मुलाचा बाप्तिस्मा त्याने केलेला असतो, तिसऱ्याच्या सहीने त्याचा पगार निघतो. शिवाय तो दर रविवारी व्यासपीठावर असतो, आणि भांडण चालू असताना त्याच्या प्रत्येक उपदेशात दोन्ही घरे आपल्यावरचे टोमणे शोधतात. म्हणून दोघे मध्यस्थ नेमावेत, एक पुरुष आणि एक स्त्री, शक्यतो शेजारच्या मंडळीतले, दोन्ही घरांशी सोयरीक नसलेले, आणि कमिटीच्या येत्या निवडणुकीत उभे न राहणारे. दोन्ही पक्षांना नावे आधी विचारावीत. एकाने हरकत घेतली तर कारण न विचारता नाव बदलावे. पाळकाने पक्षांना बोलावणे, प्रार्थना करणे आणि पुढचे काही महिने दोन्ही घरी जात राहणे हे काम सांभाळावे. तेवढ्या काळात भांडणाला लागू पडेल असा उपदेशाचा मजकूर कटाक्षाने टाळावा. प्रार्थनेतही. 'प्रभू, या बंधूचे कठीण अंतःकरण मऊ कर' ही प्रार्थना नव्हे, तो निकाल झाला, आणि ज्याच्यासाठी ती केली त्याला ते लगेच कळते.

मध्यस्थांनी सुरुवात स्वतंत्र भेटींनी करावी. प्रत्येक पक्षाला तास-दीड तास, दोघांना सारखाच वेळ, एकाच आठवड्यात. नीतिसूत्रे १८:१७ सांगते की वादात पहिला बोलणारा खरा वाटतो, जोवर दुसरा येऊन त्याची उलटतपासणी करत नाही. मध्यस्थाने पहिल्याचे ऐकून दुसऱ्याकडे आठ दिवसांनी जायचे म्हटले तर मधल्या दिवसांत त्याच्या मनात चित्र पक्के झालेले असते, आणि दुसऱ्याला तो फक्त खुलासे विचारतो. भेट शक्यतो घरी नको. घरी मुले ऐकतात, सून चहा घेऊन येते आणि माणूस घरच्यांना ऐकवण्यासाठी बोलू लागतो. शाळेचा वर्ग, पाळकगृहाची पुढची खोली चालेल. जेवण घेऊ नका. घेतले तर दोन्हीकडे घ्या.

विचारायचे चार प्रश्न: काय झाले, कोणत्या दिवशी? त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला? काय झाले तर तुम्हाला बरे वाटेल? तुम्ही स्वतः काय करायला तयार आहात? शेवटचा प्रश्न विचारल्यावर खोलीत जी शांतता होते ती भरून काढायची घाई करू नका. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहा आणि निघण्यापूर्वी वाचून दाखवा. 'त्याने मला मुद्दाम टाळले' या वाक्यातला 'मुद्दाम' हा अंदाज आहे आणि 'सलाम केला, त्याने पाहिले नाही' ही घटना आहे. वाचून दाखवताना हे दोन वेगळे करता येतात. उठण्यापूर्वी एकेक मुद्दा घेऊन विचारा की यातले काय समोरच्याला सांगितले तर चालेल. जे नको म्हणाले ते पाळकालाही सांगायचे नाही. जिवाला किंवा मुलांना धोका असेल तर हे वचन लागू नाही, हे मात्र भेटीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.

कधी कधी या भेटींत असे काही निघते जे कमिटीच्या कोणत्याही इतिवृत्तात येणार नाही. भांडण दिसते निवडणुकीचे, मुळाशी असते ते घराण्यांचे, आणि घराण्यांच्या मुळाशी बाप्तिस्म्याच्या पाण्याने जी पुसली असे आपण म्हणतो ती जुनी जात. कुणाला कधीच पंच केले गेले नाही, कुणाच्या मुलीचे स्थळ का नाकारले, याची यादी माणसांच्या मनात असते. काही गावांत त्यात मिशनांचा वारसा मिसळतो. नगरसारख्या भागात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांना सभेत हात वर करून ठरवायची सवय, तर अँग्लिकन परंपरेच्या मंडळ्यांना बिशपांच्या आदेशाची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होऊन दोन्ही एका छत्राखाली आल्या, सवयी मात्र आपापल्या राहिल्या. अशा वेळी दोन व्यक्तींचा समेट पुरत नाही. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी 'सहन करा' म्हटले नाही. सात माणसे निवडली गेली, आणि त्या सातांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावे. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात वाटप दिले. आपल्या मंडळीत हे करायची तयारी आहे का, हा प्रश्न कमिटीने स्वतःला विचारावा.

स्वतंत्र भेटींनंतर दोघेही तयार असतील तरच एकत्र बैठक घ्या. एक तयार नसेल तर थांबा. रोम १२:१८ मध्ये 'शक्य असल्यास, तुमच्याकडून होईल तितके' असे म्हटले आहे, ते उगाच नाही. बैठक उपासनेनंतर नको, तेव्हा माणसे भुकेली असतात आणि बाहेर लोक ताटकळत उभे असतात. आठवड्यातली संध्याकाळ, दोन तास. खुर्च्या गोलात, मध्ये टेबल नाही, पाण्याचा तांब्या हाताशी, फोन बंद. भावकी घरी. सुरुवातीला लहान प्रार्थना आणि तीन नियम: मध्ये बोलायचे नाही, जुनी प्रकरणे आज नाहीत, कोणालाही दहा मिनिटे बाहेर जाऊन यायची मुभा आहे.

प्रत्येकाने दहा मिनिटे बोलायचे. त्यानंतर दुसऱ्याने उत्तर द्यायचे नाही. त्याने काय ऐकले ते सांगायचे, आणि बोलणारा 'हो, हेच' म्हणेपर्यंत सांगत राहायचे. सगळ्या कामाचा गाभा हा आहे आणि सगळ्यात जास्त घाई इथेच होते. नमुना म्हणून एक साधा वाद घ्या. सभेत एका सभासदाने खजिनदाराला हिशेब विचारला आणि खजिनदाराने उपासनेला येणे सोडले. खजिनदार म्हणतो, "तुम्ही मला चोर म्हणालात." सभासद लगेच म्हणेल, "मी तसं म्हणालोच नाही, फक्त हिशेब मागितला." मध्यस्थाने इथे हात वर करायचा: आत्ता खुलासा नको, काय ऐकलंत ते सांगा. दुसऱ्या वेळी सभासद म्हणतो, "तुम्हाला असं वाटलं की मी चोर म्हणालो." खजिनदार मान हलवतो: "वाटलं नाही. माझा जावई मागच्या रांगेत बसला होता." मग जरा थांबून सभासद म्हणतो, "तुमच्या जावयासमोर मी हिशेब विचारला आणि तुमची मान खाली गेली." "हो. हेच." या क्षणापर्यंत भांडण हिशेबाचे आहे असेच सगळे धरून चालले होते. आता मध्यस्थाला कळते की माफी कोणासमोर मागायला हवी.

कारण माफीचा नियम हाच: अपराध जितक्या लोकांसमोर झाला तितक्याच लोकांसमोर ती मागावी. चौघांत झालेला अपमान सगळ्या मंडळीपुढे माफी मागून दुप्पट करू नये, आणि सभेत केलेला अपमान स्वयंपाकघरात हळूच माफी मागून मिटवू नये. माफीच्या वाक्यात काय केले ते असावे, कोणाला केले ते असावे, आणि 'पण' नसावा. 'माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा' या वाक्याने आजवर कोणाचे समाधान झालेले आम्ही पाहिलेले नाही. नुकसान झाले असेल तर भरपाई हवी. गणना ५:७ मध्ये अपराध कबूल करून पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितले आहे, आणि जकातदार जक्कयाने तर चौपट देऊ केले (लूक १९:८). पौलानेही अनेसिम या दासाबद्दल लिहिताना त्याच्या मालकाला, फिलेमोनाला, त्याचे काही देणे असेल तर माझ्या खाती मांड, असे स्वतःच्या हाताने लिहून दिले.

समोरच्याने लगेच क्षमा केलीच पाहिजे असा दबाव आणू नका. 'ऐकलं, मला वेळ द्या' हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. क्षमा आणि भरवसा यांची गल्लतही नको. मंडळीचे पैसे वापरलेल्या माणसाला क्षमा करता येते आणि तरीही तिजोरीची किल्ली पुन्हा त्याच्याकडे न देता येते. हा द्वेष नव्हे, त्याच्यावरची दया आहे. आणि समेट झाला म्हणजे पुन्हा एकाच चुलीवर आले पाहिजे असेही नाही. याकोब आणि एसाव हे भाऊ गळ्यात पडून रडले आणि मग एक सेईराकडे गेला, दुसरा सुक्कोथाकडे (उत्पत्ती ३३). पौल आणि बर्णबा मार्क या सोबत्यावरून इतके तणतणले की वेगळे झाले. पुढे तोच मार्क सेवेसाठी उपयोगी आहे, त्याला घेऊन ये, असे पौलाच्या नावच्या शेवटच्या पत्रात आहे (२ तीमथ्य ४:११). मधल्या वर्षांत काय झाले ते शास्त्र सांगत नाही.

ठरलेले कागदावर घ्या. एक पान पुरे. 'यापुढे प्रेमाने राहू' हे वाक्य त्यात नको, कारण ते मोडले की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही. असे लिहा: "अमुक तारखेच्या मासिक सभेत मी हिशेबाबद्दल ज्या शब्दांत बोललो त्याबद्दल त्याच सभेत माफी मागेन. गेल्या वर्षाची वही अमुक तारखेपर्यंत तपासनीसांना देईन. यापुढे हिशेबाचे प्रश्न सभेच्या आठ दिवस आधी लेखी देऊ. पुन्हा काही खटकले तर आधी एकमेकांना फोन करू, मग मध्यस्थांना." तारखा, नावे, दोघांच्या आणि मध्यस्थांच्या सह्या. दोन प्रती, दोघांकडे. फलकावर नाही, इतिवृत्तात नाही, आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर तर मुळीच नाही. इतिवृत्तात एवढेच: 'प्रकरण मध्यस्थांकडे दिले होते, त्यांनी ते पूर्ण झाल्याचे कळवले.' प्रकरण चालू असेपर्यंत त्या गटात फक्त अॅडमिनने लिहावे अशी सोय करून ठेवा. रात्री अकराला टाकलेले, नाव न घेता योग्य ठिकाणी बसणारे वचन दोन महिन्यांचे काम एका मिनिटात पाण्यात घालवते.

पंधरा दिवसांनी, दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी मध्यस्थांनी दोघांना वेगवेगळे भेटावे. बरेच समेट दीड महिन्याच्या सुमारास ढिले पडतात. पहिला उत्साह ओसरलेला असतो, आणि कोणीतरी नातेवाईक म्हणालेला असतो, "तूच का वाकलास?" या भेटीला गेलेच पाहिजे.

प्रभूभोजनाबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण त्याचा वापर धाक दाखवायला होतो. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील सूचना आपल्या अनेक पाळकांना ऐकून माहीत आहे: ज्यांच्यात उघड वैर आहे त्यांना समेटापर्यंत मेजाजवळ येऊ देऊ नये. पण त्या सूचनेचा उरलेला भाग कोणी सांगत नाही. एकजण मनापासून क्षमा करायला आणि आपले चुकले तिथे भरपाई करायला तयार असेल आणि दुसरा हट्टाला पेटला असेल, तर तयार असलेल्याला भाकर द्यावी, हटवाद्याला नाही. आणि कोणालाही अडवले तर पाळकाने चौदा दिवसांच्या आत बिशपांना त्याचा जाब द्यावा. म्हणजे एकट्या पाळकाच्या रागावर हा निर्णय कधीच सोडलेला नव्हता. आपली मंडळी कोणत्याही परंपरेची असो, एवढी लगाम ठेवावी. मत्तय ५:२३-२४ मध्येही अर्पण वेदीपुढे ठेवून जायला सांगितले आहे ते अर्पण करणाऱ्याला. दुसऱ्याला वेदीपासून हाकलायला सांगितलेले नाही.

भांडण पाळक आणि कमिटीतच असेल तर मध्यस्थ बाहेरूनच आले पाहिजेत, बिशप किंवा अध्यक्षांनी नेमलेले, आणि दोन्हीकडून लेखी मुद्दे घेऊन बसणारे. बदली हा समेट नव्हे. पाळक जातो, भांडण तिथेच राहते, आणि नव्या पाळकाला पहिल्या महिन्यात दोन घरांपैकी कोणाकडे आधी जेवायला जायचे यावरून जोखले जाते. म्हणून कार्यभार सोपवताना किल्ल्या, नोंदवह्या आणि दप्तराबरोबर अपुऱ्या राहिलेल्या समेटांची एक यादी द्यावी. कोणाची गुपिते नकोत, फक्त कोणत्या घरी काय काम अर्धे राहिले आहे ते.

गावातल्या इतर धर्मांच्या शेजाऱ्यांशी दफनभूमीच्या वाटेवरून, लाउडस्पीकरवरून कुरबुर होते तेव्हाही हाच क्रम वापरता येतो. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आहे. आपल्या गावच्या समितीत मंडळीचा एक माणूस असावा आणि तो तंटा नसतानाही बैठकींना जात असावा. कुंपण पडल्यावर ओळख काढायला गेलेल्याचे कोण ऐकणार?

आमची मागणी मोठी नाही. येत्या मासिक सभेत चार ठराव घ्या: शेजारच्या मंडळीशी मध्यस्थांची अदलाबदल करायची आणि त्यासाठी आपल्याकडची दोन नावे द्यायची, अर्पण मोजणीच्या जोड्यांचे तीन महिन्यांचे वेळापत्रक लावायचे, बदल अहवाल दाखल झाला आहे का ते सचिवांनी पोच दाखवून सांगायचे, आणि मुलांच्या सुरक्षेबद्दल कोणाला कळवायचे ते दाराजवळच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावायचे.

आपले,
समेटाच्या सेवेतील काही निवृत्त पाळक, पंच आणि भगिनी

ता. क. नाताळाच्या वर्गणीची पावतीपुस्तके वाटताना प्रत्येक पुस्तकाचा पहिला व शेवटचा क्रमांक आणि घेणाऱ्याची सही एका वहीत लिहून ठेवा, आणि न वापरलेली पुस्तकेही ३१ डिसेंबरच्या आत परत घ्या.